युद्ध संपले, पण 'माझे वडील' हा निबंध कसा लिहायचा?

'माझे वडील' या विषयावर दहा ओळी लिहा, असे शिक्षकांनी सांगितले की आपल्याकडची मुले मान खाली घालून लिहू लागतात. पण श्रीलंकेच्या उत्तर भागात, किलिनोच्ची किंवा मुल्लैतिवूच्या शाळेत हाच विषय दिला तर? मे २००९ मध्ये तिथले युद्ध संपले. त्या धामधुमीत ज्याच्या वडिलांना लष्कराने ताब्यात घेतले, किंवा त्याआधी वाघांनी ओढून नेले, आणि जे परत आलेच नाहीत, त्या मुलाने पहिले वाक्य काय लिहायचे? 'मला वडील आहेत' की 'मला वडील होते'? 'आहेत' लिहावे तर घरात माणूस नाही. 'होते' लिहावे तर आईने धरलेली आशा आपणच मोडली असे होते.

हा कल्पनेचा खेळ नव्हे. आमच्या माणसांचे काय झाले ते सांगा, एवढीच मागणी घेऊन किलिनोच्चीत तमिळ माता फेब्रुवारी २०१७ मध्ये रस्त्याकडेला धरण्यावर बसल्या. २००९ ची मुले आज मोठी झाली. घरातले मौन मात्र पुढच्या पिढीबरोबर शाळेत येते.

श्रीलंकेच्या युद्धग्रस्त भागातील ४२० शाळकरी मुलांची एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक शिक्षकांनीच मुलांशी बोलून ती केली होती. शंभरातील ९२ मुलांनी भयंकर प्रसंग भोगले होते आणि चौथा हिस्सा मुलांना त्या आघाताचा मानसिक आजार जडला होता. ज्यांनी अधिक भोगले त्यांची स्मरणशक्ती आणि अभ्यास दोन्ही मागे पडले होते. याचा अर्थ सरळ आहे. धडा पाठ होत नाही म्हणून जे मूल 'ढ' ठरवले जाते, ते ढ नसते. हा शिक्का आमच्या समाजाने पिढ्यान् पिढ्या सोसला आहे; म्हणून तो आम्हाला चटकन ओळखू येतो.

गणिताच्या तासाला मुलाला स्वतःविषयी बोलावे लागत नाही. भाषेच्या तासाला ते टळत नाही. म्हणूनच भाषेच्या शिक्षकाची जबाबदारी मोठी. त्याने विषय देताना दोन वाटा ठेवाव्यात : 'माझे वडील' किंवा 'आमच्या अंगणातले झाड'. ज्याला लिहायचे नाही त्याला चित्र काढू द्यावे, गोष्ट नुसती ऐकू द्यावी. युद्धाच्या आठवणी लिहा, असा हुकूम कधीही देऊ नये. जखम उकरणे म्हणजे उपचार नव्हे. मुलाने आपणहून लिहिलेच, तर आधी आपुलकीचे दोन शब्द लिहावेत, शुद्धलेखन नंतर पाहावे. 'मला वडील आहेत' हे वाक्य तर लाल शाईने कापूच नये. ती वही वर्गात वाचून दाखवू नये आणि कुणा अधिकाऱ्याच्या हाती देऊ नये. जाफना विद्यापीठातील मुल्लिवाय्क्काल स्मारक जानेवारी २०२१ मध्ये पाडले गेले आणि निषेधानंतर पुन्हा उभारावे लागले. अशा मुलखात मुलाची वहीसुद्धा जोखमीची ठरू शकते. झोप उडालेल्या, बोलणे बंद केलेल्या मुलाला मात्र प्रशिक्षित समुपदेशकाकडे न्यावे. शिक्षक हा डॉक्टर नव्हे, आणि सरकारनेही आपली जबाबदारी त्याच्यावर ढकलू नये.

कारण या युद्धाच्या मुळाशी भाषाही होती. १९५६ साली 'फक्त सिंहली' कायदा झाला. १९८१ साली जाफन्याचे ग्रंथालय सुमारे ९७ हजार ग्रंथांसह जाळले गेले. १९८७ च्या घटनादुरुस्तीने तमिळला राजभाषेचा दर्जा मिळाला, तोवर युद्ध पेटून चार वर्षे झाली होती. २०१२ मध्ये कोलंबोत त्रैभाषिक योजनेचा आरंभ झाला. आपले माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम त्याला हजर होते. तरीही बहुतेक मुले आजही सिंहली किंवा तमिळ अशा वेगवेगळ्या माध्यमांतच शिकतात. सिंहली खेड्यांतही युद्धात मेलेल्या शिपायांची मुले आहेत. त्यांना तमिळ शिकवणाऱ्याने बाजारहाटाची वाक्ये शिकवून थांबू नये. तिकडच्या आईचे दुःख सांगणारी एखादी गोष्ट वाचून दाखवावी. तमिळ वर्गात सिंहली शिकवणाऱ्यानेही तेच करावे.

हे आम्ही का लिहितो? १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते. त्या देशाविषयी आम्हाला आपुलकी आहे. म्हणूनच १९५६ च्या त्या कायद्यासाठी भिक्खूंच्या संघटनाही पुढे होत्या, हे आम्ही लपवता कामा नये. तथागतांनी लोकांच्या भाषेत धम्म सांगितला. त्यांचे नाव घेऊन कुणाची भाषा दाबणे हा धम्म नव्हे.

किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन आली, तेव्हा तथागतांनी तिला उपदेश पाजला नाही. मोहरी आणायला घरोघर पाठवले. दारोदार तिने दुसऱ्यांचे दुःख ऐकले आणि मगच आपले मूल खाली ठेवले. तथागतांनी घाई केली नाही. भाषेच्या शिक्षकानेही करू नये. 'आहेत' लिहायचे की 'होते', हे ते मूलच ठरवील.