क्रमांकाचे मोल

धम्माचा परिचय होताना मुले अंकांशीही परिचित होतात : चार आर्यसत्ये, पंचशील, अष्टांगिक मार्ग, बावीस प्रतिज्ञा. अंगुत्तर निकायाची तर रचनाच एकक निपातापासून एकादसक निपातापर्यंत, अंकांच्या चढत्या क्रमाने झालेली आहे. उपदेश मुखोद्गत ठेवण्याच्या काळात अंक हा स्मरणाचा आधार होता. आज संगणकावर लिहिताना मात्र या क्रमाकडेच आपले दुर्लक्ष होते, असे आम्हांस खेदाने म्हणावेसे वाटते.

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी सराव परीक्षेची इतिहासाची प्रश्नपत्रिका आम्ही स्वतः टंकित केली. सारे क्रमांक हाताने घातले. आदल्या रात्री एक प्रश्न वगळून पुढचे क्रमांक बदलले. परंतु ‘प्रश्न ५ मधील उताऱ्याच्या आधारे उत्तर लिहा’ ही सूचना तशीच राहिली. मुले प्रश्न ५ मध्ये नसलेला उतारा शोधत बसली. चूक आमची होती, गुण मात्र त्यांचे जाणार होते.

त्यानंतर आम्ही वर्डमधील स्टाइल, टेम्पलेट आणि मॅक्रो शिकलो. क्रमांक, समास व अंतर एकदाच ठरवून त्यास नाव देणे म्हणजे स्टाइल. अशा स्टाइल साठवणारा साचा म्हणजे टेम्पलेट. आणि तेच काम एका कळीने करवून घेणारी छोटी आज्ञावली म्हणजे मॅक्रो. क्रमांक स्टाइलमधून आला, तर प्रश्न वगळताच पुढचे क्रमांक आपोआप सरकतात. सूचनेतील उल्लेख क्रॉस-रेफरन्सने जोडला असेल, तर मजकूर निवडून एफ-९ दाबताच तोही सुधारतो.

अडचण आपल्या अक्षरांची आहे. वर्डमध्ये देवनागरी भाषा जोडली की १, २, ३ किंवा क, ख, ग असे क्रम मिळतात. आपल्या प्रश्नपत्रिकांतील अ, ब, क, ड हा क्रम मात्र इंग्रजी ए, बी, सी, डीच्या चालीवर रुळलेला. तो तयार यादीत नाही. त्यावर उपाय आहे. बहुस्तरीय यादीला नऊ स्तर असतात. पहिला प्रश्नक्रमांकासाठी ठेवावा. पुढील चार स्तरांना अंकाऐवजी (अ), (ब), (क), (ड) ही स्थिर अक्षरे द्यावीत, समास सारखा ठेवावा आणि प्रत्येकास एक स्टाइल जोडावी. चार ओळी निवडून कळ दाबली की मॅक्रो त्या स्टाइल क्रमाने लावतो. मॅक्रोच्या संपादकात देवनागरी अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह उमटते, म्हणून तेथे युनिकोडमधील अंक लिहावे लागतात : अ २३०९, ब २३४८, क २३२५, ड २३३७.

युनिकोडमध्ये धम्मचक्रासही ९७८४ हा अंक आहे. ते यादीतील ठिपक्याच्या जागी बसवता येते. परंतु वसतिगृहाच्या सामानाच्या यादीत साबणासमोर धम्मचक्र लावणे आम्हांस उचित वाटत नाही. क्रमाला अर्थ नसेल तेथे साधा ठिपका पुरे; अर्थ असेल तेथे अंकच हवा.

काही क्रमांक मात्र सरकताच कामा नयेत. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना शिक्षणाचा हक्क दिला, तेव्हा तो अनुच्छेद २१ नंतर ‘२१क’ म्हणून घातला गेला. पुढील अनुच्छेदांचे क्रमांक बदलले नाहीत. कारण न्यायनिवाडे त्याच क्रमांकांनी बोलतात. शाळेच्या ठरावांचे क्रमांकही असेच अचल असावेत. कोणता क्रमांक सरकावा आणि कोणता स्थिर राहावा, हे मॅक्रो ठरवू शकत नाही. ते माणसानेच ठरवायचे असते.

‘मॅक्रो धोक्याचे असतात’ असा आक्षेप घेतला जातो. तो अनाठायी नाही. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच रोखले आहेत. म्हणूनच ते आपण स्वतः लिहावेत आणि मुलांना वाचता यावेत.

आमची सूचना एवढीच की, शाळेचा स्वतःचा टेम्पलेट असावा आणि तो वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीच घडवावा. केदारखेड्यातून भोकरदनच्या तहसील कार्यालयात जाणारा अर्ज दुकानदार टंकित करील तसा जातो. मागण्या एकाच परिच्छेदात कोंबल्या, तर एकीचे उत्तर मिळते आणि उरलेल्या विसरल्या जातात. मुद्दा १, २, ३ असा मांडला, तर मुद्दानिहाय उत्तर मागता येते. आपल्या मुलीने असा अर्ज स्वतः लिहून आईच्या हाती द्यावा, यासाठी हे शिक्षण हवे.