अमर्याद रजा

अमेरिकेंतील कांहीं कंपन्यांनीं आपल्या नोकरवर्गास भरपगारी रजेची मर्यादाच ठेवलेली नाहीं. नेटफ्लिक्स ही त्यांत अग्रेसर. मायक्रोसॉफ्टनेंही २०२३ च्या जानेवारींत आपल्या अमेरिकेंतील पगारदार नोकरांस ही सवलत दिली. अशी शाळा कोठें मिळेल, असें आमच्या विद्यार्थ्यांस वाटेल! त्यांनीं जरा थांबावें.

मोजलेली रजा हा हक्क असतो. उरलेले दिवस नांवावर जमा राहतात, आणि कॅलिफोर्नियासारख्या संस्थानांत नोकरी सोडतांना त्यांचे पैसे मालकास चुकवावे लागतात. रजा अमर्याद झाली कीं शिल्लक कशाची धरणार? मालकाचें देणें सहजींच संपतें. नोकर मात्र 'किती घेतली तर शोभेल' या संकोचांत शेजाऱ्याकडे पाहत बसतो. पंगतींत वाढपी 'हवें तेवढें मागा' म्हणतो, तेव्हां भिडस्त मनुष्य अर्धपोटींच उठतो, तसेंच हें. किकस्टार्टर या कंपनीनें २०१५ सालीं ही पद्धत मोडून वर्षास २५ दिवस ठरवून दिले, तें आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतें.

मुंबईच्या गिरणी-कामगारांस १८९० सालीं आठवड्याची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कित्येक वर्षें झगडून मिळविली. त्यांनीं मागितला तो ठराविक वार, रविवार. 'वाटेल तेव्हां घरीं राहा' एवढेंच मालकांनीं म्हटलें असतें, तर मुकादमासमोर कोणत्या कामगारास तोंड उघडवलें असतें? नोकरी करणाऱ्या पालकांपुढें असली सवलत आली, तर त्यांनीं प्रथम एवढेंच विचारावें कीं, वर्षांतून निदान किती दिवस घ्यावयाचेच?