व्यवसायबदलाचे टप्पे आणि पंधरा दिवसांचा पगार

गेल्या पावसाळ्यात एका महाविद्यालयातील रोजगार-मार्गदर्शन शिबिरात अध्यक्ष म्हणून बसण्याचा योग आला. निवृत्त प्राध्यापकांना अशा खुर्च्या मिळतात. शिबिरात वाटलेल्या पत्रकात व्यवसाय बदलण्याचे टप्पे सांगितले होते : प्रथम स्वतःची आवड ओळखा, मग नव्या क्षेत्राची माहिती काढा, नवे कौशल्य आत्मसात करा, ओळखी वाढवा आणि धैर्याने पाऊल टाका. पत्रकात चुकीचे असे काही नव्हते. मात्र हे टप्पे ओलांडताना घरातील चूल कोणाच्या पैशावर पेटणार, याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. अर्थशास्त्राच्या माणसाला प्रथम तेच खटकते.

व्यवसायबदल मी पुस्तकात वाचण्यापूर्वी लालबागच्या चाळीत पाहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे साठ गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. मी त्या वेळी नुकताच एम. ए. होऊन नोकरीच्या शोधात होतो आणि शेजारच्या खोलीत एक साचेवाला राहत होता. कापड चिमटीत धरून, अंगठा फिरवून तो सुताचा नंबर सांगत असे. त्याचे टप्पे पत्रकातील टप्प्यांहून निराळे होते. पहिला टप्पा वाट पाहण्याचा; त्यात वर्ष गेले. दुसरा गावाकडचा, पण तेथील दीड एकरावर भावाचेच भागत नव्हते. तिसरा टप्पा त्याच्या बायकोचा होता. आधी तिच्या पाटल्या गेल्या, मग तिने चार माणसांचे डबे सुरू केले. चौथ्या टप्प्यात तो वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी एका इमारतीवर रात्रपाळीचा पहारेकरी झाला. वीस वर्षांच्या कौशल्याचा एकही दाखला त्याच्यापाशी नव्हता, कारण असा दाखला देण्याची पद्धतच नव्हती. भिवंडीच्या मागावर त्याला काम मिळाले असते, परंतु बारा तासांची पाळी आणि गिरणीच्या मानाने तुटपुंजी मजुरी पाहून तो परत आला. याला कोणी करिअर म्हणत असेल तर म्हणो.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. १९८६ साली केंद्राने वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना आणली. कायमच्या बंद पडलेल्या गिरणीतील पात्र कामगारास पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य, अशी तिची रचना होती. टप्प्याटप्प्याने आधार कमी करीत जाण्याची ही कल्पना तत्त्वतः उत्तम होती. पण दोन अटी पाहा. गिरणी चालू राहिली आणि आपल्याला परत घेतले नाही, असा कामगार तिच्या चौकटीत बसत नव्हता. दुसरी अट अधिक बोलकी आहे. साहाय्य घेणाऱ्याने दुसऱ्या नोंदणीकृत वा परवानाधारक कारखान्यात नोकरी धरली की साहाय्य बंद. स्वतःचा धंदा केला तर मात्र चालू. उत्पन्न सुरू झाल्यावर साहाय्य थांबावे, हा युक्तिवाद समजू शकतो. परंतु परिणाम काय झाला? संघटित क्षेत्रातून बाहेर पडलेल्या माणसाला भाजीच्या गाडीकडे नेणारी वाट तेवढी सवलतीची ठरली, पुन्हा संघटित क्षेत्रात जाणारी नव्हे.

पुढे १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणापाठोपाठ १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभारला गेला. पुनर्प्रशिक्षण आणि पुनर्नियुक्ती ही त्याची घोषित उद्दिष्टे होती. प्रत्यक्षात बहुतांश रक्कम सार्वजनिक उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाली. कामगाराला बाहेर काढण्यासाठी पैसा होता, पुन्हा आत आणण्यासाठी नव्हता.

हे निराळ्या रीतीने होऊ शकते याचा दाखला स्वीडनमध्ये आहे. गोस्ता रेन आणि रुडॉल्फ माइडनर या कामगार संघटनेच्याच दोन अर्थतज्ज्ञांनी १९५१ च्या सुमारास असे मांडले की, समान कामाला सर्वत्र समान वेतन द्यावे. ते न परवडणारे कारखाने बंद पडतील, पडू द्यावेत. मात्र त्यातील कामगाराचे प्रशिक्षण, स्थलांतर आणि मधल्या काळातील निर्वाह ही समाजाची जबाबदारी मानावी. त्यांनी कारखाना वाचविण्याचा आग्रह धरला नाही, कामगार वाचविण्याचा धरला. अर्थात तेथे कामाला माणसे कमी पडत होती, येथे माणसांना काम कमी पडते. रोजगार वाढलाच नाही तर प्रशिक्षणाने केवळ रांगेतील क्रम बदलतो, रांग लहान होत नाही. हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

आपणही या बाबतीत निर्दोष नाही. ‘गिरणी चालू करा’ ही घोषणा योग्यच होती. परंतु गिरणी चालू होणार नाही हे दिसू लागल्यावरही पर्यायी कामाची भाषा करणाऱ्याला आपल्यातील कित्येकांनी फितूर ठरविले. मी स्वतः एका सभेत असे बोलणाऱ्या वृद्ध कार्यकर्त्याची टर उडविली होती. माझी सोय त्या सुमारास लागली होती. एका महाविद्यालयात कायम नेमणूक मिळाली होती. ज्याला स्वतःला काही बदलावे लागत नाही, त्याचा निर्धार फार कडक असतो.

आता प्रश्न गिरणगावापुरता उरलेला नाही. औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी कामगार, संगणक कंपन्यांतील तरुण, सर्वांनाच ‘स्वतःला बदला’ असा उपदेश मिळतो. २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत छाटणी झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. नुकसानभरपाई वेगळी, या निधीत मालकाने पंधरा दिवसांचा पगार भरावयाचा आणि तो पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाचा. नोकरी दोन वर्षांची असो वा बावीस वर्षांची, दिवस पंधराच. पंधरा दिवसांच्या पगारात माणूस कोणते कौशल्य शिकेल, हे संहिता सांगत नाही. एका महिन्याचे घरभाडेही त्यातून सुटेल की नाही, याची शंकाच आहे.

तेव्हा कारखाना बंद होण्याची बोलणी जेथे चालू असतील, तेथे आपल्या साथींनी भरपाईच्या आकड्यावरच थांबू नये. बंदची सूचना निदान वर्षभर आधी मिळावी. शिकण्याच्या काळात निर्वाहवेतन मिळावे. प्रशिक्षण ठरावीक रिक्त जागांशी बांधलेले असावे. आणि प्रत्येक कामगाराला त्याच्या कामाचा, अनुभवाचा लेखी दाखला मिळावा. यातील शेवटच्या मागणीला खर्च जवळपास शून्य आहे, तरीही ती मी कोणत्याही करारात पाहिलेली नाही. पंधरा दिवसांच्या बाबतीत तर नव्या कायद्याचीही आवश्यकता नाही. दिवसांची संख्या अधिसूचनेने बदलण्याचा अधिकार संहितेनेच केंद्र सरकारला दिला आहे. पंधराच्या जागी एकशे ऐंशी लिहावे, एवढी एका ओळीची मागणी येत्या अधिवेशनापूर्वी प्रत्येक जिल्ह्यातून गेली पाहिजे.