एकादशीला चालणारे मफिन

इंदूर म्हटलं की आधी पोहे-जिलबी आठवते आणि मग रात्रीचा सराफा. दिवसभर सोन्याचांदीची दुकानं, आणि ती बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात खाण्यापिण्याची जत्रा! या शहराची आणखी एक खासियत म्हणजे उपवासाचे पदार्थ. साबुदाण्याची वाफाळती खिचडी तिथे रस्त्यावर, एरवीच्या दिवशीही मिळते. मराठी घरांचा उपवास आणि माळव्याची खाद्यहौस यांची तिथे छान गट्टी जमली आहे. ‘फलाहारी’ हा शब्दसुद्धा बोलता बोलता ‘फरियाली’ होऊन गेला.

माझी धाकटी बहीण इंदूरला असते. तिच्या दहा वर्षांच्या लेकीला सीलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या मुलांचं शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं आणि खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात, रक्त कमी होतं, उंची खुंटते. यावर उपाय एकच, गहू जन्मभर बंद. अगदी चिमूटभरही नको.

आता मोजा बरं, इंदुरात एका मुलीचं काय काय गेलं! जिलबी, कचोरी, समोसा, शाळेतलं बिस्किट, मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक. ताटं मांडली की पोर आधी विचारते, “मावशी, यातलं माझं काय?” तिच्यासाठी नेहमी काहीतरी वेगळं, झाकून ठेवलेलं. तिच्या आजीचंही एकादशीला तसंच. सगळे जेवतात आणि त्या आपली वाटी घेऊन बाजूला बसतात. दोघींना आणि बाकी सगळ्यांनाही एकाच ताटलीतून खाता येईल असा खाऊ हवा होता. नातीला तांदूळ, नाचणी चालते आणि आपली जोळद रोट्टी तर ती आवडीने खाते, पण एकादशीला आजींना यातलं काहीच चालत नाही. म्हणून धान्यच नको, फळांचे मफिन करू असं ठरलं.

मैत्रिणींनो, इथे आपल्या सीमाभागातल्या घरांनी एका शब्दाकडे नीट लक्ष द्यायला हवं. तो शब्द म्हणजे फलाहार. मराठी घरात फलाहार म्हणजे साबुदाणा, शिंगाडा, राजगिरा. आपल्या कानडी सासर-माहेरी मात्र ‘ओप्पत्तू’ असलं की रात्री भात सोडतात आणि फलाहार म्हणून उप्पिट्टू किंवा चपाती करतात. दोन्ही श्रद्धेचेच प्रकार. पण उप्पिट्टूचा रवा म्हणजे गहूच की! अशी मुलगी पाहुणी आली आणि कुणी सांगितलं, “काळजी नको, तिला फलाहारच वाढलाय,” तर घोटाळा झालाच. म्हणून ‘तिला धान्य चालत नाही’ असं मोघम सांगू नये. ‘गोधी, रवा, मैदा, शेवया नकोत’ असं नाव घेऊन सांगावं. भगरीचंही तसंच. उपवासाला चालते म्हणून ती ‘धान्य नाही’ असं आपण समजतो, पण ती गवताच्या कुळातलंच बारीक धान्य आहे. तिच्यात ग्लुटेन नसतं एवढंच.

फळांमध्ये केळं निवडलं, आणि त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी 1924 मध्ये अशा आजारी मुलांना केळ्यांचा आहार दिला, पाव आणि इतर धान्यं बंद केली. मुलं सुधारली आणि केळं म्हणजे औषधच, असं लोकांना वाटू लागलं. मग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये भीषण टंचाई आली, पाव मिळेना. तिथल्या डॉ. विलेम डिके यांचा संशय आधीपासूनच गव्हावर होता. त्यांनी नीट अभ्यास करून 1950 मध्ये तो प्रबंधात मांडला. म्हणजे केळ्याने काही जादू केली नव्हती. गहू टळला म्हणून मुलं सुधारली होती. आजही हे लक्षात ठेवावं. अशा मुलांच्या बाबतीत काय खाऊ घातलं यापेक्षा काय टाळलं हे मोठं.

आता कृती. चांगली पिकलेली दोन मोठी केळी कुस्करून घ्या. इंदुरात बुऱ्हाणपूरची केळी, आपल्याकडे जवारी असतील तर चार घ्या. त्यात तीन मोठे चमचे किसलेला गूळ, तीन चमचे दही, दोन चमचे पातळ तूप घालून गूळ विरघळेपर्यंत फेटा. पाऊण वाटी शिंगाड्याचं पीठ, अर्धी वाटी राजगिऱ्याचं पीठ, पाव वाटी दाण्याचं कूट, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर सैंधव मिसळा. चिरलेला खजूर, मनुका आणि सफरचंदाचे बारीक तुकडे घाला. मिश्रण भज्याच्या पिठाइतपत दाट हवं. पंधरा मिनिटं झाकून ठेवा, पीठ फुगून येतं. शेवटी अर्धा लहान चमचा खायचा सोडा घालून लगेच छोट्या तूप लावलेल्या वाट्यांत ओता आणि ओव्हनमध्ये 180 अंशांवर वीस-बावीस मिनिटं भाजा. सात-आठ होतात. उपवासाला सोडा चालत नसेल तर वगळा. जरा घट्ट होतील, पण चव तीच.

ओव्हन नसेल तर? आपला पड्डूचा तवा आहेच! खरं तर या मिश्रणाला तोच जास्त मानवतो. गव्हाच्या पिठात चिवट जाळं तयार होतं, ते हवा धरून ठेवतं आणि केक उभा राहतो. शिंगाड्यात ते जाळं नसतं, म्हणून मोठा केक केला तर मधे बसतो. तव्याच्या छोट्या खळग्यात पीठ सगळीकडून पटकन शेकतं आणि बसायला वेळच मिळत नाही. मंद आचेवर, झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटं. पिठांचं प्रमाण मात्र सांभाळा. शिंगाडा जास्त झाला तर कोरडे, भुसभुशीत होतात. राजगिरा जास्त झाला तर चिकट.

आता सोवळ्याचं. हो, सोवळंच! ज्या तव्यात रव्याचे अप्पे होतात तो या मुलीसाठी वापरायचा नाही, लोखंडी असेल तर मुळीच नाही. पीठ गिरणीतून आणाल तर आधी तिथे गहू दळला होता का ते विचारा. दळलेला असेल तर ते पीठ तिला नको. डबा वेगळा, चमचा वेगळा. बाजारच्या बांधणी हिंगातही बरेचदा गव्हाचं पीठ असतं, पुडीवर वाचून घ्यावं. जुन्या बायका उपवासाची भांडी वेगळी ठेवायच्या, त्याला आपण हसलो असू; या आजारात नेमकी तीच शिस्त उपयोगी पडते. इंदूरच्या आजींना हे कुणाला शिकवावं लागलं नाही. नातीचा डबा त्यांनी आपल्या उपवासाच्या फळीवर नेऊन ठेवला.

हे मफिन पौष्टिक आहेत का? राजगिऱ्यात आणि दाण्यात प्रथिनं आहेत, मैदा नाही, तळण नाही. पण केळं, खजूर आणि गूळ म्हणजे शेवटी साखरच. मुलांना मधल्या वेळी दोन पुरेत आणि मधुमेह असेल तर बेतानेच. धान्य वगळलं म्हणजे आपोआप आरोग्य आलं असं नाही. गव्हाचा त्रास नसलेल्याने पोळी सोडायचं काहीच कारण नाही.

एक मात्र विसरू नका. घरातल्या मुलाचं पोट सतत बिघडत असेल, वाढ खुंटली असेल, तर आपल्या मनाने गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, रक्ताची तपासणी होऊ द्या. गहू आधीच थांबवला तर तपासणीत आजार लपून राहू शकतो.

आणि वाढदिवसाला कुणी अशी मुलगी येणार असेल तर तिच्यासाठी वेगळी वाटी झाकून ठेवू नका. सगळ्यांनाच हे मफिन द्या. कुणाला कळणारही नाही की ते एकादशीला चालतात.