भिंत आधी कागदावर उभी करा!

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत उभ्या पिकाबरोबर घरे अन् गोठेही गेले. मातीच्या भिंती पाण्यात बसल्या. त्यामुळे आता जो तो म्हणतो, "पुन्हा माती नको, सिमेंटचे ब्लॉकच लावू." विचार योग्य आहे. पण माल किती लागेल असे विचारले, तर उत्तर मिळते, "गवंडी सांगेल तेवढा." शेतकरी बंधूंनो, एकरी बियाणे किती ते आपण किलोवर सांगतो. मग आयुष्यात एकदाच बांधायच्या घराचा हिशोब अंदाजपंचे का?

पैसा मोजका आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला केंद्राने 1 लाख 20 हजार रुपये ठरवले. राज्याने 2025 मध्ये त्यात भर जाहीर केली, शिवाय घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे धोरण घेतले. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. म्हणजे 128 रुपयांचा माल 118 ला मिळायला हवा. ही सवलत चांगली, पण चुकीच्या हिशोबात ती कशी जिरते ते पाहू.

योजनेतले घर किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे साधारण 269 चौरस फुटांचे. आतून 18 बाय 15 फूट धरा. भिंत 6 इंची, ब्लॉक भरीव, 16 बाय 8 बाय 6 इंचाचा. बाहेरून मोजल्यास घर 19 बाय 16 भरते आणि चार भिंती मिळून 70 फूट होतात. पण यात चारही कोपरे दोनदा मोजले जातात. खरी लांबी 68 फूट. मधली भिंत 15 फूट. एकूण 83 फूट. लिंटेलची पट्टी वजा जाता उंची 9 फूट धरली, तर 747 चौरस फूट. दोन दरवाजे (3 बाय 7) आणि दोन खिडक्या (4 बाय 3) यांचे 66 फूट वजा करा. राहिले 681 चौरस फूट.

दरजा धरून 100 चौरस फुटांना 105 ब्लॉक लागतात. म्हणजे 715. फूटतुटीला शेकडा पाच धरले तरी 750 पुरतात. कोपरे दुहेरी मोजले, दारे-खिडक्या वजा केल्या नाहीत अन् दरजाही धरल्या नाहीत, तर हाच आकडा 860 होतो. शंभरावर ब्लॉक दारात पडून राहतात.

आता सिमेंट. एकास सहा प्रमाणाने या भिंतीच्या दरजांना सुमारे 5 पोती आणि तिसरा हिस्सा ब्रास वाळू लागते. इथेच बहुतेकांची फसगत होते. भिंत उभी राहिली की हिशोब संपला असे वाटते. पण दोन्ही बाजूंनी अर्धा इंच गिलावा एकास पाचने करायचा, तर 12 पोती सिमेंट आणि पाऊण ब्रास वाळू लागते. म्हणजे भिंतीला पाच पोती अन् गिलाव्याला बारा! पाया, जोते, पट्टी आणि छत यांचा हिशोब वेगळाच.

आमच्याकडच्या एका शेतकऱ्याने गोठा बांधताना हेच केले. निम्म्या गिलाव्यात पोती संपली, हप्ता आला नव्हता. गवंडी म्हणाला, "मालक, वाळू जरा जास्त टाकून भागवू." भागले. पहिल्याच पावसाळ्यात गिलावा पोपडे धरून सुटला. माल कमी पडला की कात्री लागते ती सिमेंटला किंवा पट्टीला. पट्टी नसली तरी पैसे देताना ती डोळ्यात भरत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीने काय शिकवले ते शेजारच्या सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींना एकत्र बांधून ठेवणारे काही नव्हते. वर मातीच्या माळवदाचे ओझे होते. ब्लॉक सिमेंटचा असला, तरी पट्टीशिवायची भिंत सुटीच राहते.

आणखी दोन गोष्टी. ब्लॉक किमान 14 दिवस पाणी मारलेला अन् पुढे चार आठवडे वाळलेला घ्यावा, ओला ब्लॉक आकसून भिंतीला तडे देतो. विटेसारखा तो पाण्यात बुडवू नये, वरून ओलसर करावा एवढेच.

ग्रामपंचायत अधिकारी आणि घरकुलाचे काम पाहणाऱ्या अभियंत्यांना विनंती आहे. पहिला हप्ता देतानाच लाभार्थ्याच्या हाती त्याच्या घराच्या मापाने भरलेला एक कागद द्यावा. त्यावर ब्लॉक, पोती, वाळू आणि सळई असे चार आकडे पुरेत. कागद भरायला पाव तास लागतो. दुकानात जाताना तो खिशात असला, तर मधेच वाळू वाढवायची पाळी येणार नाही.