टाकी भरत नाही, हे अभिमानानं सांगू नका

ओझरमध्ये कुणाच्या घरी बांधकामाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "पंधरा वर्षं झाली, आमची टाकी एकदाही भरली नाही." सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो. मला मात्र या वाक्याची भीती वाटते.

सेप्टिक टँक मैला गिळून टाकत नाही. जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेल-चरबीची साय वर धरते आणि मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. तळातले जीवाणू गाळ कमी करतात, संपवत नाहीत. रोजच्या वापरातली टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावीच लागते. मग पंधरा वर्षं न भरलेल्या टाकीचा अर्थ काय? एक तर तिचा तळ पक्का नाही, किंवा ती कधीच गाळानं भरली आणि आता मैला सरळ पुढे ढकलते आहे. आपल्या पायाखाली काळा खडक आहे. त्याच्या भेगांतून पाणी कुठून कुठे जाईल, हे कुणी सांगू शकत नाही. टाकीत न राहिलेला मैला शेजाऱ्याच्या बोअरमध्ये किंवा बाणगंगेत जातो. 'आमची टाकी भरत नाही' याचं खरं मराठी भाषांतर 'आमची टाकी दुसरे पितात' असं आहे.

हे ओझरमध्ये घडावं, याची जास्त लाज वाटते. 1964 पासून हे गाव विमानांवर जगतं. मिग गेली, सुखोई आली. पण ठरलेले उड्डाणतास भरले की विमान खोलून तपासायचं, ही शिस्त इथल्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांच्या हाडांत आहे. बिघाड होण्याआधी तपासणी, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तोच माणूस घरी येऊन टाकीच्या झाकणावर फरशी बसवतो आणि वर मोटारसायकल लावतो.

तपासणीत अवघड काही नाही. चेंबरचं झाकण उघडता येईल असं ठेवा. वर्षातून एकदा उघड्यावर उभं राहून, डोकं आत न घालता, लांब काठीला जुनं पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत सोडा. काळा गाळ किती उंच लागला ते फडकं सांगतं. गाळ आणि साय मिळून खोलीच्या तिसऱ्या हिश्शाला पोचली की गाडी बोलवा. जवळ काडी किंवा विडी पेटवू नका, आत मिथेन असतो. व्हेंट पाईपची जाळी शाबूत आहे का, ते बघा. ॲसिड आणि फिनाईलच्या बाटल्या रिकाम्या करू नका, त्यानं जीवाणूच मरतात. शोषखड्डा विहिरीपासून, बोअरपासून निदान साठ फूट लांब हवा.

आणि कुणालाही आत उतरवू नका. आतला हायड्रोजन सल्फाईड थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास देतो, जास्त झाला की नाकच बधिर करतो. वास नाही म्हणून उतरलेला माणूस परत वर येत नाही. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. 2013 च्या कायद्यानं माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. तरी 'पाचशे रुपये जास्त देतो, उतर' म्हणणारा कमी होत नाही, कारण उतरणारा कोणत्या जातीचा असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.

इथे माझ्या समाजाशीही दोन शब्द. इस्लाममध्ये जात नाही, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. मग मेहतर, हलालखोर ही नावं आपल्यात कुठून आली आणि त्यांच्याशी सोयरीक का होत नाही? तहारतीवर आपण तासभर बयान ऐकतो. वुजूत कोपर कोरडं राहिलं तर नमाज होईल का, यावर वाद घालतो. साचलेल्या पाण्यात, पाणवठ्यावर घाण करू नका, अशी पैगंबरांची ताकीद आहे. आणि आपल्या टाकीचं पाणी कुठे जातं हे आपण विचारतही नाही. स्वतः पाक राहण्यासाठी शेजाऱ्याचं पाणी नापाक करणं, ही कसली तहारत? सुरुवात मशिदीपासून करा. वुजूचं पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नका. त्या लोंढ्यानं गाळ ढवळून बाहेर पडतो. ते झाडांना द्या. जुम्याला टाकी उपसल्याची तारीख जाहीर करा.

"हे काम नगरपरिषदेचं" असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, मग मागा ना! आपल्याच जिल्ह्यातल्या सिन्नरनं आणि साताऱ्याच्या वाईनं ते करून दाखवलं आहे. दोन्ही ठिकाणी घरमालकाच्या फोनची वाट न पाहता, तीन वर्षांच्या पाळीनं गाडी वस्तीवस्तीत जाते, खर्च करातून निघतो आणि मैला ओढ्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात जातो. ओझरला पाळीचं कौतुक कुणी सांगायला नको. वाघाडच्या पाण्याच्या पाळ्या शेतकऱ्यांनी स्वतः लावायच्या, हे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी इथूनच महाराष्ट्राला शिकवलं. येणाऱ्या पाण्याची पाळी लावणाऱ्या गावाला जाणाऱ्या पाण्याची पाळी लावता येत नाही, हे मला पटत नाही.

पण सिन्नरची गाडी ओझरला आली, तरी ती तुमची फरशी फोडणार नाही. झाकण तुमच्या अंगणात आहे. या रविवारी ते आधी शोधून काढा.