झोपेची नोंद केसपेपरवर हवी

रुमेटॉइड आर्थ्रायटिसचा रुग्ण फेरतपासणीला आला की आपण २८ सांधे दाबून पाहतो, ईएसआर किंवा सीआरपीचा आकडा घेतो, एकूण कसे वाटते ते विचारतो आणि डीएएस-२८ काढतो. या हिशेबात झोपेला वेगळी जागा नाही. ‘कूस बदलली की खांद्यात कळ येते, पहाटेपासून जागीच असते,’ हे रुग्ण सांगते ती निघता निघता. मग घाईघाईने झोपेची गोळी लिहिली जाते.

कारण न विचारता लिहिलेल्या या गोळीला आमचा विरोध आहे. अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसचा तरुण रात्रीच्या उत्तरार्धात पाठदुखीने उठतो आणि चार पावले चालल्यावर त्याला बरे वाटते. हे तर दाहाचेच लक्षण. इलाजही दाहावरच हवा. कुणी प्रेडनिसोलोन संध्याकाळी घेत असते. ती वेळ सकाळी आणली तरी फरक पडतो. कुणाचे पाय रात्री अस्वस्थ होतात. तिथे लोह तपासावे, पण दाहात फेरिटिन वाढते, म्हणून ‘नॉर्मल’ अहवालावर विसंबू नये. मोठ्याने घोरणाऱ्या रुग्णाचा झोपेत श्वास अडकत असेल, तर काही झोपेच्या गोळ्यांनी तो त्रास वाढू शकतो.

दुखण्यामुळे झोप जाते हे सगळे जाणतात. उलटेही घडते. मायकेल आयर्विन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका रात्रीची झोप अर्धवट मोडली, तेव्हा संधिवाताच्या रुग्णांच्या वेदना वाढल्या आणि दुखऱ्या सांध्यांची संख्याही वाढली. निरोगी माणसांत तसे झाले नाही. दुखरे सांधे हा डीएएस-२८चाच एक घटक. म्हणजे जागरणानंतर आलेल्या रुग्णाचा आकडा रात्रीमुळेही चढलेला असू शकतो. अशा वेळी झोपेची चौकशी न करता मेथोट्रेक्सेट वाढवणे किंवा बायोलॉजिककडे वळणे आम्हाला घाईचे वाटते.

युलारच्या ‘रेड’ प्रश्नावलीतील सात मुद्द्यांपैकी एक झोपेचा आहे: गेल्या आठवड्यातला त्रास, शून्य ते दहा. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. गर्दीच्या ओपीडीत संपूर्ण प्रश्नावली भरून घेणे जमत नसेल, तर एवढा एक आकडा तरी घ्या. जोडीला विचारा, जाग किती वाजता येते आणि कशाने येते. उत्तर डीएएस-२८च्या शेजारी लिहा आणि पुढच्या भेटीत आधी तेच वाचा.